मदत हवी आहे: व्हॉल्व्ह अँपचा आवाज फाटतोय, कुठले व्हॉल्व्ह घेऊ?

खाडीकाठ (रत्नागिरी)
पाऊस लागल्यापासून व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप बिघडलाय. आधी चरचर, मग आवाज फाटतो, गोडवा पार गेला. नवे व्हॉल्व्ह मागवायचेत, कुठल्या मेकचे घेऊ? गणपतीच्या आत हवेत, लवकर सांगा.

सोल्डरधूर
आउटपुटला (स्पीकर चालवायला) कुठले व्हॉल्व्ह? सिंगल-एंडेड (एकच व्हॉल्व्ह सगळी लहर पेलतो) की पुश-पुल (दोन मिळून, एक ढकलतो एक ओढतो)? एका बाजूला की दोन्हीकडे? नाडी न बघता काढा कसा देणार?

जुनंतेसोनं
बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) जुने ईसीसी८३ (आउटपुटच्या आधीचे छोटे व्हॉल्व्ह) मिळाले तर डोळे मिटून घ्या. हल्लीचे पातळ वाजतात.

सोल्डरधूर
गोडवा बराचसा सर्किटचा असतो हो. सिंगल-एंडेडमध्ये दुसरा हार्मोनिक जास्त, म्हणजे सा बरोबर वरचा सा. कानाला तो खुपत नाही. पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक आउटपुट ट्रान्सफॉर्मरात बरेचसे कटतात, तिसरा उरतो. त्यात फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देणं) असेल तर मेकचा फरक आणखी कमी.

जुनंतेसोनं
मग ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८१ लावल्यावर फरक पडतो तो काय भास?

सोल्डरधूर
भास नाही, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते. ८३ चा म्यू (व्हॉल्व्हची वाढवण्याची क्षमता) १००, ८१ चा ६०. आवाज कमी झाला की लोकांना ‘मऊ’ वाटतो.

कातळसडा
एवढा खटाटोप कशाला? ब्लूटूथचा क्लास-डी (ट्रान्झिस्टरचा) अँप घ्या. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो.

खाडीकाठ
अहो, तो नकोय. आउटपुटला ईएल८४, पुश-पुल, स्टीरिओ. फक्त उजवीकडे. चालू केल्यावर थोडा वेळ चरचर, ती थांबते, मग अर्ध्या तासाने फाटायला लागतो. आता सांगा मेक.

ओहममीटर
हे दोन वेगळे बिघाड आहेत. तापल्यावर थांबते ती चरचर ओलीची: खाऱ्या हवेने सॉकेटच्या क्लिपा हिरव्या पडतात. अँप बंद, प्लग काढलेला. मेन कपॅसिटर १० के (किलोओहम), ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरने शून्य बघा, तिथे ३०० व्होल्ट असतात. मग सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, क्लिपा सुईने किंचित आवळा. गंजावरचा तेलकट स्प्रे सॉकेटात मारू नका, त्यावर धूळ बसते.
जुन्या कार्बन रेझिस्टरची किंमतही ओलीने चढते. प्लेटला (व्हॉल्व्हच्या मोठ्या व्होल्टेजच्या टोकाला) जोडलेला १०० के एक टोक सुटं करून मोजा, १३०–१४० के दाखवत असेल तर मेटल फिल्म टाका.

सोल्डरधूर
आणि तापल्यावर फाटतो तो बहुधा लीक झालेला कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देतो, डीसी अडवतो). आधी उजवे-डावे ईएल८४ अदलाबदल करा. दोष उजवीकडेच राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष. स्पीकर जोडलेलाच ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल. मग तापलेल्या अँपवर, शॉक टाळायला एक हात खिशात ठेवून, प्रत्येक ईएल८४ च्या पिन २ (ग्रिड) वर चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भात डीसी मोजा. शून्याच्या आसपास हवं. पिन ३ (कॅथोड) चं रीडिंगही द्या, कॅथोड रेझिस्टर किती ओहम तेही.

लालमाती
कॅबिनेटला फणसाचं लाकूड चालेल की सागवानच हवं?

खाडीकाठ
अदलाबदल केली, दोष उजवीकडेच. उजवीकडच्या एका व्हॉल्व्हच्या पिन २ वर ४ व्होल्ट, पिन ३ वर १४. बाकी तिन्हींत पिन २ शून्य, पिन ३ साडेदहा. रेझिस्टर प्रत्येकी २७०. म्हणजे व्हॉल्व्ह नकोतच?

ओहममीटर
१४ भागिले २७० म्हणजे ५२ मिलीअँपिअर, बाकीचे ३९ वर. स्क्रीन या दुसऱ्या ग्रिडचा वाटा वजा केला तरी ३०० व्होल्टला प्लेटवर साधारण १३ वॅट पडतात, मर्यादा १२ ची. अंधारात बघा, प्लेट कदाचित लाल दिसेल. खात्रीसाठी तेवढाच व्हॉल्व्ह काढून त्याच सॉकेटची पिन २ पुन्हा मोजा. ४ तसेच राहिले तर कपॅसिटर. शून्य झालं तर व्हॉल्व्हच्याच ग्रिडमधून करंट वाहतोय असा संशय, मग व्हॉल्व्हचं बोला.

खाडीकाठ
काढूनही ४ च.

सोल्डरधूर
मग चारही कपलिंग बदला. ०.१ मायक्रोफॅराड, ६३० व्होल्ट, पॉलीप्रॉपिलीन. जुन्यावर ०.०४७ असेल तर तेच घ्या. पोलॅरिटी नसते. मेक कुठलाही.

जुनंतेसोनं
ऑइलवाले घ्या, गोड वाजतात.

ओहममीटर
जुने ऑइलवाले कागदीच, तेही लीक होतात. पुन्हा तिथेच यायचंय का?

लालमाती
लाकडाचं कुणी सांगेल का?