पुतणीने अमेरिकेत पहिलं हरीण मारलं, फोटो आबांना दाखवू का?

बोरीकाठचा_अमळनेर
नमस्कार मंडळी, जरा घरगुती प्रश्न आहे पण तीन दिवस झोप लागेना म्हणून इथे टाकतोय. माझा धाकटा भाऊ विस्कॉन्सिनला असतो, बायको तिकडचीच, सासरा पक्का शिकारी, त्याच्याबरोबर जाऊन जाऊन भाऊ पण शिकला. आता त्याची मुलगी 12 वर्षांची झाली तर या नोव्हेंबरात तिला पहिल्यांदा सोबत नेलं आणि तिने हरीण मारलं. फोटो आलाय. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, बर्फात गुडघ्यावर बसलीय आणि एक हात हरणाच्या मानेवर. भावाचा मेसेज असा की दोन दिवस काहीच मिळालं नाही, झाडावरच्या मचाणावर पहाटेपासून बसून पोरीचे ओठ निळे पडले, एक मादी आली पण मागे पिल्लू होतं म्हणून हिने स्वतःहूनच बंदूक खाली केली, तिसऱ्या दिवशी हा नर आला आणि एका गोळीत पडला. मग पोरगी रडली. भाऊ म्हणे मी पण रडलो, आणि आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मला वाचून बरं वाटलं की वाईट हेच अजून कळत नाहीये. पण खरी अडचण आमचे आबा. वय 81, गळ्यात तुळशीची माळ, सखाराम महाराजांच्या दिंडीत किती वर्षं पायी पंढरपूरला गेलेत, घरात अंडंसुद्धा येत नाही. नातीवर जीव आहे, रोज विचारतात फोन आला का म्हणून. भाऊ म्हणतो आबांपासून लपवायचं नाही, आणि वर त्याला त्या हरणाची शिंगं उन्हाळ्यात घेऊन यायचीत, म्हणतो ओसरीत लावू, पोरीची आठवण. काय करू सांगा.

चोपड्याचा_मिलवॉकीत
भो, मी इथे विस्कॉन्सिनलाच आहे 14 वर्षांपासून, मी स्वतः शिकार करत नाही पण आजूबाजूचे सगळे करतात म्हणून सांगतो, आपल्याकडे शिकार म्हटलं की चोरून रात्री जीपच्या लाइटात मारलेलं हरीण डोळ्यासमोर येतं, तसं हे नाही. इथे बंदुकीचा मुख्य सीझन नऊच दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा इथला सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो, तेव्हा ऑफिसं आणि कारखाने अर्धे रिकामे असतात. लायसन लागतं, हरणागणिक टॅग म्हणजे वेगळी परवानगी लागते, मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा कोर्स केल्याशिवाय स्वतःचं लायसन मिळत नाही, कोर्स न केलेल्या नवशिक्याला मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर बसून शिकार करता येते. नारिंगी कपडे हौस म्हणून नाहीत, कायदाच आहे, माणसाला माणसाची गोळी लागू नये म्हणून.

आणि हरणं का मारू देतात ते आबांना सांगायचं असेल तर असं सांग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या देशात बाजारासाठी मारून मारून हरणं संपत आली होती. मग रानातल्या शिकारीचं मांस विकणंच बंद केलं, आजही विकता येत नाही, स्वतः खा नाहीतर दान दे. 1937 साली असा कायदा आला की बंदुका आणि काडतुसांवर कर घ्यायचा आणि तो पैसा रानासाठीच वापरायचा. त्याने हरणं परत वाढली, पण लांडगे बहुतेक ठिकाणी राहिले नव्हते, मग इतकी वाढली की शेतातला मका आणि रानातली नवी रोपं टिकत नाहीत आणि रस्त्यावर रोज गाड्या धडकतात, माझीच एक गाडी गेलीय. 2002 पासून इथल्या हरणांत एक मेंदूचा रोग पण सापडतोय, काही भागांत तर मांस खायच्या आधी तपासून घ्या असं सरकारच सांगतं. भावाला तेवढं विचार, तपासलं का म्हणून.

पिल्लू बघून बंदूक खाली केली ना पोरीने? आबांना आधी ते सांग रे बाबा.

निवृत्त_वनरक्षक
शिंगांचं मी सांगतो, आणू नका. आयुष्य सातपुड्यात गेलं, यावलच्या बाजूला. वन्यप्राण्याचं कातडं, शिंग, नख घरात सापडलं तर ते कायदेशीर आहे हे ज्याच्याकडे सापडलं त्याने सिद्ध करायचं असतं, तसं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. अमेरिकेच्या हरणाचं शिंग पुढे वळतं आणि त्याच एका दांड्यावर वर फाटे फुटतात, आपल्या चितळाचं वेगळं दिसतं, हे मला कळतं, पण गावात ज्याने तक्रार केली त्याला कळणार आहे का, मग पंचनामा, तपासणी, 81 वर्षांच्या माणसाला जबाबासाठी बसवणार. शिवाय विमानतळावर कागद विचारतील ते वेगळंच. ओसरीत फोटो लावा, शिंगं तिकडेच राहू द्या.

तो फोटो गावच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका. फॉरवर्ड होत होत खालचा मजकूर गळून जातो आणि उरतं फक्त मेलेलं हरीण आणि तुमचं नाव. आपल्याकडे आधी परवाने मिळायचे, 1991 च्या दुरुस्तीने ते पण बंद झाले, आता हौसेची शिकार म्हणजे सरळ गुन्हा. मी माझ्या नोकरीत फासात अडकलेला चिंकारा सोडवलाय, पाय हाडापर्यंत कापला गेला होता, मांडीवर डोकं घेऊन बसलो, गाडी यायच्या आत गेला. म्हणून तुमच्या पुतणीचा हात मानेवर आहे हे वाचून थांबलो. ती हसत उभी असती तर मी काहीच लिहिलं नसतं.

धुळेकर_आई
मला नाही पटलं, स्पष्ट बोलते राग मानू नका. नियम असतील, टॅग असेल, पण 12 वर्षांच्या मुलीच्या हातात बंदूक देऊन जीव घ्यायला लावायचा आणि ती रडली की म्हणायचं अभिमान वाटला? माझा मुलगा तेवढाच आहे, गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली आलं तर दोन दिवस जेवला नव्हता. तिला आत काय वाटतंय हे कोणी विचारलं का, की सगळे फोटोच बघत बसलेत? आबांचं नंतर बघा, आधी त्या पोरीला फोन करा.

केळीवाला_रावेर
ताई तुमचं बरोबर आहे पण मी पण एक सांगतो. आमच्याकडे डुकरं एका रात्रीत मका आडवा करतात, हरभऱ्यात रोही (नीलगाय) बसली की सकाळी नुसते खुंट राहतात. रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, भरपाईसाठी पंचनाम्याच्या मागे फिरायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात कोणीतरी वैतागून झटका मशीन (नुसता हलका झटका देणारं) न लावता डायरेक्ट लाइनची तार सोडली, डुक्कर राहिलं बाजूला, त्यात एक हरणी चिकटली. सकाळी माझा पोरगा माझ्याआधी तिथे पोचला. पोटात पिल्लू होतं. त्याने मला विचारलं, पप्पा आता हिला कोण खाणार? मला उत्तर देता आलं नाही, आम्ही खात्याला कळवलं आणि ते येऊन घेऊन गेले. म्हणून मला वाटतं तुमच्या भावाने निदान जे मारलं ते पोरीला सोबत घेऊन सोललं असेल, घरी नेलं असेल, वाया घालवलं नसेल. तेवढं विचारून घ्या. आबा शेतकरी आहेत ना? मग ते पण हेच विचारतील बघा.

बोरीकाठचा_अमळनेर
सगळ्यांचे आभार. धुळ्याच्या ताईंनी लिहिलं ते लागलं मनाला, मी खरंच पोरीशी बोललोच नव्हतो. रात्री फोन केला. तिचं मराठी तोडकंमोडकं आहे, म्हणाली काका, ते गरम होतं. एवढंच दोनदा म्हणाली, हात लावला तेव्हा अजून गरम होतं. मग सांगितलं की सोलायला बाबाला तीच मदत करत होती, मांस तपासून आलंय, फ्रीजर भरलाय, थोडं अन्नदानाला दिलं, पुढच्या वर्षी जाईन की नाही माहीत नाही म्हणाली. भाऊ मागून काही बोलला नाही, ते मला आवडलं.

शिंगांचं त्याला सांगितलं, वनरक्षक काकांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, ऐकलं त्याने.

आणि आज सकाळी आबांना फोटो दाखवला. आधी मादी आणि पिल्लाचं सांगितलं, मग मोबाइल हातात दिला. चष्मा लावून मोठा करून बघत बसले, मला वाटलं हरणाकडे बघताहेत, तर म्हणाले, "हातमा मोजा काबर नहीत? थंडी शे ना तठे?" मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले माले हाई आवडनं नही, आणि ते मी तिले सांगसू, तू सांगू नको.

दुपारी स्वतःच फोन लावायला लावला. काय बोलले ते पूर्ण ऐकू आलं नाही, मी मुद्दाम अंगणात गेलो, पण पाऊण तास चाललं होतं आणि शेवटी आबा तिला आमच्या खळ्यावर रोही कशी येते आणि गोफण कशी फिरवायची ते हात वर करून दाखवत होते. ती उन्हाळ्यात येणार आहे. आबांनी आत्ताच मला गोफणीसाठी सुताची दोरी आणायला सांगितलीय.