मदत हवी आहे: जळगावात भाड्यासाठी घर बांधतोय, विद्यार्थी ठेवू की कुटुंबं?

नमस्कार मंडळी,

विद्यापीठाच्या बाजूला आप्पांनी घेऊन ठेवलेला १५०० चौरस फुटांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट आहे. आजवर तिथे फक्त बाभळी वाढल्या. आता घरचे थोडे घालून, २० लाखांचं कर्ज काढून बांधायचं म्हणतोय. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता १९,७०० च्या आसपास बसतो. चार वन आरके (एक खोली नि स्वयंपाकघर) काढले तर साडेचार हजारांप्रमाणे १८,०००, दोन टू बीएचके काढले तर १७,०००. दोन्हीकडे खिशाला चाट आहेच. मेहुणे म्हणतात पोरं ठेव. आप्पा म्हणतात, गच्चीवर रात्री बारापर्यंत गोंधळ कोण ऐकेल?

दुसरं, जमीन काळी. शेजारच्या कंपाउंडला तडा गेलाय, मे महिन्यात माझी चार बोटं सहज आत गेली. ठेकेदार म्हणतो, "पाया पाच फूट पुरे, कशाला खर्च वाढवता भाऊ?"

भुसावळकर:
भाऊ, फुटांवर जाऊच नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरमाचा घट्ट थर लागेपर्यंत खाली जा आणि मातीची तपासणी करून घ्या. ठेकेदार काय, बिल घेऊन मोकळा.

मी खाली एक टू बीएचके, वर दोन वन आरके काढलेत. परीक्षा संपली की वर कुलूप, पण खालचं भाडं चालू राहतं. वरच्या गच्चीला पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक करा, नाहीतर ४५ अंशांत तिथे कोण राहणार?

मीटर प्रत्येकाला वेगळं घ्या. एकाच मीटरवर सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि दर महिन्याला भांडण.

अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदलेला लागतो, अन् ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध करायचं तुम्ही. मी एकदा पोळलोय, जास्त सांगत नाही.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ. खाली-वर वेगळं काढायचं डोक्यातच आलं नव्हतं. मुरूम किती खाली लागतो, ते ठेकेदाराला विचारलं, तर म्हणे खोदल्यावर कळेल. शेजारच्या शेतात जुनी विहीर आहे, बिनबांधीव. उद्या सकाळी तिथेच डोकावून बघतो.