मदत हवी आहे: फुलपाखरू, पतंग, किडे यांवरून बाळाचं नाव सुचवा (तितली, परी सोडून)

वरुडची_आत्या
नमस्कार मंडळी. रविवारी बारसं आहे आणि नावाचा अजून पत्ता नाही. भावाचं बाळ, आत्या मीच, म्हणजे कुर्र करायला मीच उभी राहणार. वहिनीची एकच अट आहे, नाव फुलपाखरू, पतंग नाहीतर एखाद्या किड्यावरून हवं. लाडाचं टोपणनाव नको, शाळेच्या दाखल्यावर शोभेल असं पाहिजे. नेटवरच्या याद्या पाहून झाल्या, सगळीकडे तेच ल्यूना, व्हॅनेसा, मेलिसा. आमच्या गावात मेलिसा म्हणून कोण हाक मारणार? लवकर सांगा, पत्रिकेवाला नाव मागतोय.

वऱ्हाडी_पाटील
बाप्पा, पोरगा हाय का पोरगी हेच तं सांगतलं नाही तुमी. नाव सांगाचं तरी कसं?

शब्दवेडा
मुलगा असेल तर मिलिंद. मधुकर, मधुप, भृंग ही सगळी भुंग्याचीच नावं. किड्यावरून नाव ठेवणं आपल्याकडे मुळीच नवीन नाही, लोक विसरलेत एवढंच.

दीक्षाभूमी_नागपूर
शब्दवेडा, आमच्याकडे मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला त्याच राजाचं नाव आहे. माझ्या मोठ्या भावाचं नाव त्या राजावरून ठेवलंय, भुंग्यावरून नाही.

शब्दवेडा
मान्य. पण संस्कृत कोश उघडला तर मिलिंद म्हणजे भुंगाच. दोन्ही बरोबर असायला काय हरकत आहे?

दीक्षाभूमी_नागपूर
हरकत नाही. फक्त "लोक विसरलेत" म्हणू नका. आमच्या वस्तीत घरटी एक मिलिंद आहे आणि प्रत्येकाला तो राजा माहीत आहे.

सेतू_केंद्र
ताई, नावासाठी एवढी घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालतं. 12 महिन्यांच्या आत नाव बिनाशुल्क टाकता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. माझ्याकडे रोज लोक येतात, दवाखान्यात घाईघाईत लिहिलेलं नाव बदलून द्या म्हणून. त्यापेक्षा कोरं सोडलेलं बरं.

वरुडची_आत्या
नोंदणी झाली हो, ते विचारलंच नव्हतं. मुलगी आहे. आजीला अक्षरही हवंय, अनुराधा नक्षत्र. आणि आजीला किड्याचं नाव अजिबात नकोय, ते वेगळंच.

गुरुजी_मोर्शी
अनुराधा म्हणजे ना, नी, नू, ने. हे आधीच सांगितलं असतं तर मिलिंदवर एवढा वेळ गेला नसता. आजींचा नकार का?

वरुडची_आत्या
संत्र्याची बाग आहे आमची. आजीने जन्मभर पानांवरच्या अळ्या वेचल्या. ती म्हणते, "ज्यानं झाड खाल्लं त्याचं नाव माह्या नातीले?"

बागायतदार_७
आजी बरोबर आहेत. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली की डोक्यामागून दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत सकाळी फिरून हाताने वेचा, कोवळ्या नवतीवर आधी बघा. मोठ्या झाडांना तेवढा धोका नसतो. तुमची बाग किती वर्षांची आहे?

निसर्गमित्र_अमरावती
बाग राहू द्या. नी आहे तर नीलवंती ठेवा! ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्य फुलपाखरू, 2015 मध्ये जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्याचं मराठी नाव नीलवंत. तळहातापेक्षा मोठं, काळ्या पंखांवर निळा पट्टा. यापेक्षा सुंदर नाव मिळणार नाही.

वऱ्हाडी_पाटील
नीलवंती नोका ठेवू. ते पोथीवाली नीलवंती. आमच्या गावात अजूनही लोक म्हणतात का वाचली तं माणूस पागल होते. पोरगी शाळेत गेली का पोट्टे चिडवतीन.

निसर्गमित्र_अमरावती
पाटील, या भाकडकथांपायी चांगलं नाव टाकून द्यायचं? मुलांना फुलपाखराचा फोटो दाखवा, चिडवणं थांबेल. आणि ब्लू मॉरमॉनची अळीही संत्र्या-लिंबाच्या कुळावरच वाढते, म्हणजे आजींच्या बागेशी नातं आहेच.

गुरुजी_मोर्शी
हेच तर आजींना नकोय ना!

पावसाळी_पाऊल
मृगाच्या पहिल्या पावसात तो लाल मखमली किडा निघतो ना, त्याला संस्कृतात इंद्रगोप म्हणतात. इंद्रगोपा कसं वाटतं?

निसर्गमित्र_अमरावती
त्याला आठ पाय असतात. तो कीटक नाही, कोळ्यांच्या जवळचा. शिवाय अक्षर बसत नाही.

कोसा_आरमोरी
आत्याबाई, एक विचारतो. वहिनींना किड्याचंच नाव का हवंय? माहेर कुठलं त्यांचं?

वरुडची_आत्या
आरमोरीकडचंच. वडील टसर रेशमाच्या कोशाचं काम करायचे. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडल्या की ही भावंडं दिवसभर पाखरं हाकलत बसायची. त्यावरच तिचं शिक्षण झालं असं ती सांगते. हे लिहायला हवं होतं का?

कोसा_आरमोरी
तेच तर सांगायचं होतं! मग फुलपाखरू कशाला, टसरचा पतंग घ्या. आम्ही ढिवर, घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. कोषातून पतंग बाहेर येतो तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात. तो फांदीला लटकून राहतो आणि पंख हळूहळू उलगडतात. मादी पिवळसर असते. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध काचेसारखी खिडकी, आरपार दिसतं. मोठा झाल्यावर तो काही खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं. म्हणजे आजींच्या झाडाचं पानही तोडणार नाही.
अनुराधाचं चौथं अक्षर ने. नेत्रा ठेवा.

गुरुजी_मोर्शी
वा. अक्षर बसतं, दाखल्यावर शोभतं.

शब्दवेडा
नेत्रा चांगलं आहे, पण त्यात पतंग कुठे दिसतो? ऐकणाऱ्याला कसं कळणार?

कोसा_आरमोरी
ऐकणाऱ्याला कशाला कळायला हवं? तिच्या आईला कळतंय.

वरुडची_आत्या
वहिनीला फोन लावला. पंखावरचे डोळे म्हटल्याबरोबर "नेत्रा?" असं तीच म्हणाली, मी नाव सांगायच्या आधी. आजीला विचारलं, तिला देवीच्या डोळ्यांवरून वाटलं आणि ती खूश आहे. पतंगाचं तिला वहिनीच सांगणार आहे, आज संध्याकाळी. पत्रिकेवाल्याला नाव कळवलं. कोसा_आरमोरी, तुमचे खूप खूप आभार, वहिनी गावाचं नाव विचारतेय.

बागायतदार_७
अभिनंदन. ताई, बाग किती वर्षांची ते राहिलं सांगायचं.