दांडी पडली की वही पाच महिने ड्रॉवरमध्ये. तुम्ही काय करता?

काजळरेघ:
नोकरी सांभाळून शाईपेनाने रेखाटनं करते. विकायची नाहीत, प्रदर्शन भरवायचं नाही, फक्त करत राहायचंय आणि तेवढंच जमत नाही. या वेळी २२ दिवस रोज एक पान झालं. मग कामामुळे सलग तीन दिवस दांडी. चौथ्या रात्री हट्टाने चार पानं पाडायला बसले. तिसऱ्या पानावरच्या खुर्चीचे पाय बघून मलाच रडू आलं. वही मिटली ती आजतागायत. असं तिसऱ्यांदा झालंय. प्रेरणादायी काही सांगू नका, ते भरपूर वाचलंय. स्वतःपुरते कुठले नियम पाळता आणि कुठले पाळून सोडून दिले, तेवढं सांगा.

सरळसोट:
शिस्त. पहाटे उठायचं आणि बसायचं, मन लागो न लागो. बाकी सगळे लाड.

बोरूबहाद्दर:
सरळसोट, पहाटेचा प्रयोग मी दोन वर्षं केला. चित्रं झाली, ऑफिसात डुलक्याही तेवढ्याच झाल्या.

काजळरेघ, दांडीचं सोडा. घोळ त्या चौथ्या रात्री झाला. थकबाकी भरायची नाही, हा माझा एकच नियम आहे जो मी कधीच मोडत नाही. काल बुडालं ते बुडालं, आज आजचं एक पान. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं जे सगळीकडे फिरतं, त्याने आपल्यासारख्यांची फार वाट लावलीय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांची पाहणी केली होती, २०१० च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. अधूनमधून एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. आणि ती मंडळी फळ खाणं, पाणी पिणं असल्या साध्या सवयी लावत होती! चित्राला त्याहून कमी दिवस लागतील असं मला तरी वाटत नाही.

दुसरं, वही आणली की आधी सगळ्या पानांवर आकडे टाकतो. फाडलं तर आकडा तुटतो, म्हणून हात आवरतो. पहिल्या पानावर मुद्दाम नुसत्या रेघोट्या मारतो, नाहीतर कोऱ्या वहीचा धाक बसतो. जाड, भारी कागद मी सोडूनच दिला. त्यावर हात जपून चालायचा.

तिसरं थोडं विचित्र वाटेल. चित्र पूर्ण करून उठत नाही. परवा टेबलावरची कात्री काढत होतो. एक पातं झालं, मधला स्क्रू झाला, दुसरं पातं नुसतं पेन्सिलीने टेकवून ठेवलं आणि उठलो. काल बसलो तेव्हा ‘आज काय काढू’ हा प्रश्नच नव्हता, पातं वाट बघत होतं. माझी अर्धी चालढकल त्या एका प्रश्नातच जायची. वही ड्रॉवरमध्येही ठेवत नाही. टेबलावर, उघडी, पेनाचं टोपण मात्र लावून (हे अनुभवाने शिकलो).

मोडलेला नियम म्हणाल तर रोज फोटो टाकण्याचा. चौकोनात नीट बसतील अशाच वस्तू काढायला लागलो होतो. लक्षात आल्यावर बंद केलं. आता वही संपल्यावर एका मित्राला अख्खी वही देतो. तो फारसं बोलत नाही, तेच बरं.

शब्दखुणा:
टेबलावर उघडी वही? आमच्याकडे दोन वर्षांचं बाळ आहे, वहीचं काय होईल ते कळलंच असेल. मी गोष्टी लिहिते. ठरलेली वेळ हा प्रकारच आमच्यात नाही, म्हणून घड्याळाऐवजी प्रसंग धरला: बाळ झोपलं की उठायच्या आधी तिथेच अंधारात फोनवर दोन वाक्यं कुजबुजायची. कधी त्या दोन वाक्यांत मीच झोपते. पण थकबाकीचं शंभर टक्के पटलं. आठवड्याचे शब्द मोजायचे, दिवसाचे नाही, असं केल्यापासून माझीही रडारड कमी झालीय.

काजळरेघ:
वही काढली. आकडे टाकले. खुर्ची पान २५ वर आहे, म्हणजे आज २६. खुर्चीचे पाय अजूनही भयंकर आहेत, पण पाठ बरी जमलीय की! पेन मात्र ठार सुकलंय. निब कोमट पाण्यात घालून ठेवलीय, तोवर पेन्सिल.

बोरूबहाद्दर:
शाई कुठली होती? साधी फाउंटन पेनाची असेल तर रात्रभरात सुटेल, पाणी बदलत राहा. इंडिया इंक भरली असेल तर अवघड आहे, तिच्यात बहुधा लाख असते, आत घट्ट बसते. ती फक्त बुडवून लिहायच्या टाकासाठी.

काजळरेघ:
इंडिया इंकच होती.