इनडोअर टेनिस म्हणून कार्लोस अल्कराझ हरणारच?

"छत आलं की अल्कराझ संपला, मॅच पाहूच नका" असं लोक म्हणतात, हे काही पटलं नाही बाप्पा. मान्य, इटलीतल्या तुरिनला त्याचा तगडा प्रतिस्पर्धी सिनरनं 2024 आन् 2025 दोन्ही वेळा एकही सेट न गमावता एटीपी फायनल्स (वर्षाअखेरची टॉप आठ जणांची इनडोअर स्पर्धा) मारली, वारा नाही ऊन नाही म्हणून सर्व्हिस करताना त्यानं वर फेकलेला बॉल दरवेळी तिथंच जातो आन् त्याची सर्व्हिस तोडणं (त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं) म्हणजे डोकेदुखी. पण 2025 ची या दोघांची फायनल मॅच आठवा न, 7-6, 7-5, तेही आपल्या पोट्ट्याच्या, कार्लोसच्या, मांडीला पट्टी बांधून! याला काय धुलाई म्हणतात का बे?

मला तर उलट इनडोअरच आवडते, बुटांचा चर्रर्र आवाज टीव्हीवरसुद्धा असा येते की बस, आन् कार्लोसचा ड्रॉप शॉट (नेटजवळ हळूच टाकलेला बॉल) पडला की आधी सेकंदभर शांतता मग एकदम कल्ला.

मॅचचं तिकडचं रात्रीचं साडेआठ म्हणजे आपलं रात्री एक, त्यात नागपूरची नोव्हेंबरची थंडी, आई म्हणते झोप मेल्या. मी ब्लँकेट घेऊन हॉलमध्ये, आवाज म्यूट, संत्री सोलून ठेवली. बॅकहँडच्या रॅलीत अडकला नाही तर जमते कार्लोसला. कोण कोण जागं आहे सांगा, जिंकला तर सकाळी तर्री पोहे माझ्याकडून.