काबोसही आठवायला हवा

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधली ज्यू तलवारबाज म्हटलं की चर्चा फक्त जर्मनीच्या हेलेन मायरची होते. पदक घेताना तिने केलेल्या नाझी सलामामुळे ते साहजिकही आहे. पण त्याच स्पर्धेत सेबर या तलवारबाजीच्या प्रकारात वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकणारा हंगेरीचा एन्द्रे काबोस ज्यू होता, आणि मला त्याची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. १९३३ आणि १९३४ चा तो जगज्जेता. १९३२ साली लॉस एंजेलिसला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळालेलं. सेबर म्हणजे तर हंगेरीचा हुकमी खेळ. १९२४ ते १९६४ या काळातलं प्रत्येक वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण त्यांच्याकडेच गेलं.

एवढा मान असूनही युद्धात त्याला ज्यू म्हणून सक्तीच्या मजुरीला जुंपलं गेलं. ४ नोव्हेंबर १९४४ रोजी बुडापेस्टच्या मार्गारेट पुलावर जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांचा भर वर्दळीत अचानक स्फोट झाला, त्यात तो गेला. दुसऱ्या दिवशी तो ३८ वर्षांचा झाला असता.

लॉस एंजेलिसच्या सुवर्णविजेत्या संघातला त्याचा सहकारी आटिला पेट्शाउअर, तोही ज्यू, १९४३ मध्ये अशाच मजूर तुकडीत मेला. मायरबद्दल लिहिताना या दोघांनाही जागा द्यायला हवी.