अफलाटॉक्सिन (बुरशीमुळे धान्यात तयार होणारं विष) रोखायला शेतात बुरशीच सोडावी का? (तिघांची चर्चा; वाफसा, मोकळं रान आणि तुरा ही त्यांची टोपणनावं.)

वाफसा: सोडावी, असं माझं ठाम मत आहे. अफलाटॉक्सिन शिजवून जात नाही आणि मका-भुईमुगात लागण उभ्या पिकातच सुरू होते. हे विष बनवणारी मुख्य बुरशी म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस; पण तिच्या काही जाती विष बनवतच नाहीत. उगवू नयेत म्हणून मारलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर त्यांच्या बीजाणूंचा लेप देतात. तुरा यायच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो दाणे ओलसर जमिनीवर फेकायचे. दोन-चार दिवसांत दाणा हिरवट भुकटीने माखतो आणि विषारी जातींच्या आधी कणसापर्यंत हीच बुरशी पोचते.

मोकळं रान: साफ विरोध. फ्लेव्हसमुळे माणसाला सायनसचा, फुफ्फुसाचा संसर्ग होतो. विष बनवत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. शिवाय या बुरशीत लैंगिक पुनरुत्पादन होतं हे २००९ मध्ये दिसलं. मग विषाची जनुकं परत मिसळणार नाहीत कशावरून?

वाफसा: म्हणूनच जात पारखून घ्यावी. एएफ३६ या जातीत विषाच्या एका जनुकात बिघाड आहे, बाकीची जनुकं जागेवर आहेत, आणि ती सायक्लोपियाझोनिक आम्ल हे दुसरं विष बनवते. एनआरआरएल २१८८२ या जातीत दोन्ही विषांची जनुकंच नाहीत. मी हीच घेईन. संसर्गाचा धोका मान्य. फेकताना मास्क, हातमोजे हवेतच. पण फ्लेव्हस मातीत आधीपासून आहेच, आपण फक्त कोणती जात वरचढ ठरेल ते बदलतो.

तुरा: कागदावर छान. रानात कोरडी माती असली की दाणा तसाच पडून राहतो, मुंग्या-पाखरं नेतात. फेकल्यावर कोळपणी केली तर तो गाडला जातो, बीजाणू वर येत नाहीत. पाटाचं पाणी जोरात सोडलं तर सगळे दाणे सरीच्या टोकाला! आणि मक्यातल्या फ्युमोनिसिन या दुसऱ्या विषाचं काय? ते फ्युझेरियम या वेगळ्या बुरशीचं, त्याला हा उपाय लागूच नाही.

मोकळं रान: तेच म्हणतोय. अळी आवरा, दाणे भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, मका १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. एवढ्याने सगळ्याच बुरश्यांना चाप बसतो.

वाफसा: वाळवणं हवंच, पण त्याने आधी तयार झालेलं विष उतरत नाही. कोरडवाहूत पाऊस ओढ देतो तेव्हा ताण कसा टाळणार?

तुरा: मग शेजारी दाणे न फेकलेला पट्टा ठेवून तपासा. एखाददुसऱ्या दाण्यातच प्रचंड विष असतं, त्यामुळे मूठभर नमुना फसवतो. ढिगात बऱ्याच ठिकाणांहून थोडं थोडं घ्या, सगळं दळून मिसळा, मगच चाचणीला द्या.